वस्तादांचं घोरणं

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी अंगणवाडीला निघाले होते. दाराला कडी घालणार एवढ्यात रणजित समोर येऊन उभा राहिला. खांद्यावर नव्या पंचात बांधलेलं गाठोडं होतं. रणजित म्हणजे आमच्या तालमीतला सगळ्यात तयारीचा पैलवान. गेल्या हंगामात चांगल्या चांगल्यांना अस्मान दाखवून आलेला हा गडी माझ्या नजरेला नजर देत नव्हता.

"काकी, ह्ये वस्तादांनी दिलंय. घरात ठिवा म्हणालेत."

गाठोड्यातून नळी बाहेर लोंबत होती, त्यामुळे आत काय आहे हे विचारायची गरजच नव्हती. माझ्या नवऱ्याचं झोपेत लावायचं मशीन होतं ते. आदल्या संध्याकाळीच मी नळी धुऊन, वाळवून, मास्क पुसून त्यांच्या वळकटीत बांधून दिलं होतं.

"बिघडलं का काय?"

"न्हाई. झ्याक चालतंय."

"मग?"

"झ्याक चालतंय, त्येच तर झालंय," रणजित म्हणाला. "काकी, वस्तादांचा आवाजच येत न्हाई ओ."

हे बोलणं कळायचं तर आमची तालीम माहीत पाहिजे. माझे यजमान हिंदुराव हे तिथले वस्ताद. गाव त्यांना वस्ताद म्हणतं, म्हणून मीही तेच म्हणते. आमच्याकडे दसऱ्याला आखाड्याची पूजा झाली की कुस्त्यांचा हंगाम सुरू होतो, आणि त्या दिवसापासून चैत्रातल्या यात्रेपर्यंत वस्ताद घरी झोपत नाहीत. तालमीतच, दाराजवळ, पोरांबरोबर झोपतात. हा शिरस्ता त्यांच्या आधीच्या केरबा वस्तादांचा आणि त्यांच्याही आधीच्यांचा. हंगामात जो घरी झोपला तो वस्ताद राहिला नाही, असं गावात साधं समीकरण आहे.

आणि तालमीत पोरांना उठवायला घड्याळ नव्हतं, वस्तादांचं घोरणं होतं. ते घोरतायत तोवर बिनघोर झोपायचं. घोरणं बंद झालं म्हणजे वस्ताद जागे झाले. ते उठून अंथरूण गुंडाळेपर्यंत सगळ्यांनी लंगोट लावून बैठकांना उभं राहिलेलं असलं पाहिजे. जो पांघरुणात सापडला, त्याने त्या दिवशी एकट्याने सगळा आखाडा उकरायचा. त्यामुळे झोपेतसुद्धा पोरांचा एक कान दाराकडे असायचा. मधेच कधी घोरणं अडायचं, थोडा वेळ काहीच ऐकू यायचं नाही, तेवढ्यापुरती सगळी डोळे उघडून पडायची. मग मोठा घरघराट व्हायचा, गाडी पुन्हा चालू लागायची आणि पोरं कूस बदलायची.

आता रणजितने सांगितलं ते ऐका. दसऱ्याच्या रात्री वस्तादांनी पोरं निजायची वाट बघितली, दिवा मालवला आणि पांघरुणाच्या आत चोरून मास्क लावला. मशीन वळकटीआड ठेवलं होतं. पोरांना कशाचाही पत्ता नाही. घोरणं सुरूच झालं नाही. पहिल्या झोपेतून एकजण दचकून उठला, त्याने दुसऱ्याला कोपर मारलं, आणि वस्ताद जागे आहेत असं समजून सगळी पटापट लंगोट लावून उभी राहिली. बैठका सुरू.

"अंधारात कुणी वस्तादांकडं बघतंय व्हय?" रणजित सांगत होता. "बैठका झाल्या, जोर झालं, पुन्यांदा बैठका झाल्या. कोंबडं काय आरवंना. मांड्या भरून आल्या काकी. मला वाटलं, आज दसऱ्याचं म्हणून वस्ताद परीक्षा बघाय लागलेत."

मला हसू आवरेना. रणजित मात्र हसला नाही.

"मंग एकदम वस्ताद वरडत उठून बसलं. आमी बघितलं तर त्वांडाला सोंड. दोघं तर भ्यालेच, दारातनं भायेर पळालं. वस्तादांनी सोंड वडून काढली आन आमच्याकडं नुसतं बघत ऱ्हायलं."

"शिव्या दिल्या असतील."

"न्हाई. त्येच सांगतोय. एकबी न्हाई. झोपा म्हणाले आन सोता भित्तीला टेकून बसलं, पार उजाडंस्तवर."

माझं हसू तिथेच थांबलं. अर्ध्या रात्री पोरांनी असा घोळ घातल्यावर शिवी न देणारे हिंदुराव वस्ताद मी तोवर पाहिले नव्हते. काहीतरी वेगळंच झालं होतं आणि ते रणजितला माहीत नव्हतं.

मशीन घरात ठेवून मी अंगणवाडीत गेले खरी, पण पोरांना बडबडगीत सांगताना दोनदा चुकले.

त्या मशीनसाठी मी काय काय केलं होतं ते माझं मला माहीत. आदल्या चैत्रात भर मैदानात, आपल्याच पठ्ठ्याची कुस्ती लागलेली असताना, वस्ताद खुर्चीत बसल्या बसल्या झोपले. हलगी वाजतेय, माणसं ओरडतायत आणि यांची हनुवटी छातीवर. लोक हसले. कुणी म्हणालं वय झालं, कुणी म्हणालं रात्री घेतली असेल. आयुष्यात ज्यांनी थेंब तोंडाला लावला नाही त्यांच्याबद्दल. घरी येऊन ते दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत, आणि तिसऱ्या दिवशी मी त्यांना मिरजेला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी आधी टेपने त्यांची मान मोजली. आकडा ऐकून वस्तादांनी मिशीवरून हात फिरवला. आयुष्यभर त्या मानेचं कौतुकच झालेलं, त्यामुळे त्यांना वाटलं हेही कौतुकच. मग रात्रभर वायरी लावून तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, झोपेत घसा मिटतोय, श्वास थांबतोय, तासाला कितीतरी वेळा.

"आन परत चालू हुतोय न्हवं?" वस्ताद म्हणाले.

"होतोय, कारण मेंदू तुम्हाला दरवेळी झोपेतून ओढून काढतो. म्हणून दिवसा झोप येते. आणि हृदय रोज रात्री हे ओझं उचलतंय. एखाद्या रात्री ते उचलणार नाही."

डॉक्टर हे अगदी शांतपणे बोलले. वस्ताद छताकडे बघत राहिले. मी मात्र खाली बघितलं, कारण त्या घोरण्याचा मला चक्क अभिमान होता. नवी नवरी होऊन आले तेव्हा सासूबाईंनी सांगितलं होतं, घोरतोय म्हणजे अंग भरलंय, पैलवानाचं लक्षण आहे ते. गावात हीच समजूत होती. केरबा वस्ताद घोरायचे ते नदीपलीकडे ऐकू जायचं म्हणे. आणि मी इतकी वर्षं त्या आवाजाच्या शेजारी निर्धास्त झोपत होते.

नाकातून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं मशीन घरी आलं आणि युद्ध सुरू झालं. "ही सोंड लावून मी झोपू? मी काय गणपती हाय?" पहिल्या रात्री त्यांनी मास्क काढून भिंतीवर फेकला. दुसऱ्या रात्री नाकातून आलेली हवा तोंडातून फसाफस बाहेर पडली आणि ते म्हणाले माझा फुगा होतोय. मिशीमुळे मास्क बसेना, फटीतून शिट्टी वाजायची. मशीन लावून द्यायला आलेला मुलगा बिचारा म्हणाला, मिशी थोडी कमी केली तर. वस्तादांनी त्याच्याकडे असं बघितलं की त्याने मुकाट्याने दुसऱ्या मापाचा मास्क काढला.

खरी अडचण श्वास सोडण्याची होती. समोरून हवेचा दाब येतोय आणि आपण त्याच्या उलट श्वास सोडायचा, हे त्यांना जमेना. छाती फुगवून ते हवेशी झोंबी घ्यायचे आणि घामाघूम होऊन उठून बसायचे.

तालीम आमच्या घरामागच्या गल्लीत आहे. पंचवीस वर्षं भिंतीपलीकडून त्यांचं शिकवणं माझ्या कानावर पडत आलेलं. एक दिवस दुपारी मी त्यांना खुर्चीत बसवलं, मास्क लावला आणि म्हटलं, "तुमीच पोरास्नी सांगता न्हवं, समोरचा जोर लावतोय तर त्याला अडवू नका, त्याच्याच जोरानं जावा? मग हितं का अडवताय? येऊ दे की तिला आत. ती आली की तुमी हळूच निघा."

त्यांनी डोळे वटारले. पण मास्क काढला नाही. मोबाइलवर कुस्ती लावून दिली. कुस्ती संपेपर्यंत त्यांची छाती संथ वरखाली व्हायला लागली होती. दुसरी कुस्ती लावायला गेले तर ते झोपलेले, गपगार. आवाज नाही म्हणून मी जवळ जाऊन नाकाशी हात धरला. मग आपलं मीच हसले.

नंतर दिवसागणिक माणूस बदलत गेला. नाकाच्या हाडावर वळ उठायचे, तिथे मी कापूस लावून द्यायचे. मशीनच्या भांड्यातलं पाणी रोज बदलायचे. मास्कचा पट्टा डोक्यामागे बांधायचं काम माझंच होतं, त्यांना तो स्वतःला नीट बसवता येत नसे. पण सकाळी उठले की त्यांचे डोळे लख्ख असायचे. आखाड्याच्या कडेला उभे राहून कुणाचा पाय कुठे चुकतोय ते त्यांना पुन्हा दिसायला लागलं. रणजित मला म्हणाला होता, काकी, आमचे जुने वस्ताद परत आले. आणि हे सगळं आता पंचात बांधून माझ्या कोनाड्यात परत आलेलं होतं. पुढे सहा महिने तालमीत झोपायचं होतं, मशीनशिवाय.

दुपारी ते जेवायला आले. मी ताट वाढलं. त्यांनी भाकरी मोडली, पण तोंडात घास जाईना.

"मशीन का पाठवलंत?"

"पोरांची झोप मोडती."

"गजर लावा. पोरांकडं मोबाइल हायेत."

"तालमीत आजवर गजर लागला न्हाई."

"मग आता लागंल. त्यात काय तालीम बाटती का?"

 मग मी सरळ विचारलं. "रात्री वरडून का उठलात? आन पोरास्नी शिवी का न्हाई दिली?"

त्यांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला.

"केरबा वस्ताद कसं गेलं, तुला ठावं हाय?"

"साऱ्या गावाला ठावं हाय. झोपेत."

तालमीत केरबा वस्तादांचा मोठा फोटो आहे, रोज हार पडतो. तेव्हा खाली लिहिलेलं होतं, निद्रेत समाधिस्थ. असं मरण यायला पुण्याई लागते, असं प्रत्येक यात्रेत कुणी ना कुणी म्हणायचं. मीही म्हटलं होतं.

"आमी तवा तालमीतच हुतो झोपायला," वस्ताद म्हणाले. "माझं लगीन व्हायचं हुतं. त्या रात्री घोरणं थांबलं, आन म्या सगळ्यांच्या आदी उठलो."

माझा हात कालवणाच्या वाटीवर तसाच राहिला.

"लई हुशारी वाटली. वस्ताद उठायच्या आत लंगोट लावला, तोंडावर बोट ठिवून बाकीच्यास्नी उठिवलं. त्यांच्या अंथरुणाच्या पायथ्याशीच आमी बैठका सुरू केल्या. मला वाटलं ते डोळं मिटून मोजाय लागलेत. म्हणून म्या एक बैठक चुकवली न्हाई. कुणी दमलं तर त्याला कोपर मारायचो, वस्ताद बघाय लागलेत म्हणायचो. उजाडलं, ऊन आत आलं, तरी ते उठंनात. तवा पायाला हात लावला. गार."

मी वाटी खाली ठेवली.

"शालन, एवढी वर्सं म्या सोताला सांगितलं, त्यांची समाधी लागली. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलं, घसा मिटतोय, श्वास थांबतोय. तवाच कळलं मला. तुला बोललो न्हाई. काल डोळं उघडलं आन म्होरं पोरं वळीनं बैठका मारत्यात, माझ्याकडं एक बघत न्हाई. मला वाटलं, झालं. आपण गेलो. आपणबी केरबा वस्तादांसारखं गेलो आन ह्यांस्नी पत्ता न्हाई."

 ते थांबले, पाणी प्याले.

"घोरत असलो तर निदान त्यास्नी कळतंय तरी, वस्ताद जित्ता हाय. ते मशीन लावलं की म्या मेल्यागत."

मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता. इतका मोठा माणूस आणि केवढा उलटा हिशेब मांडून बसला होता.

"केरबा वस्ताद घोरत न्हवते का?" मी म्हणाले. "नदीपल्याड ऐकू जायचं म्हणता. मग त्या आवाजानं त्यांना वाचवलं का? तो आवाजच तर त्यांना घेऊन गेला. आन तुमी त्योच आवाज पोरास्नी परत द्यायला निघालाय."

"मग काय करू? सगळ्यास्नी सांगू? केरबा वस्ताद समाधीत गेलं न्हाईत, गुदमरून गेलं, आन म्या शेजारी बैठका काढत हुतो?"

"सांगा."

"तालमीची शान हाय ते मरण. माझ्या गुरूची."

"ऱ्हाऊ दे मग शान. आजच त्या फोटोच्या शेजारी दुसरा खिळा मारून ठेवते. पुढंमागं तुमच्या फोटोला लागंल. पोरं तवाबी बैठका चुकवायची न्हाईत, तुमचेच पठ्ठे हायेत."

बोलले आणि माझी मलाच भीती वाटली. लग्नानंतर कधी मी त्यांच्यापुढे असं तोंड सोडलं नव्हतं. ते ताटावरून उठले, हात धुतला आणि पायात वहाणा घालून निघून गेले. भाकरी तशीच राहिली. मी तिथेच बसून रडले. मग उठून मशीन गाठोड्यातून बाहेर काढलं, नळीवर तालमीची तांबडी माती लागली होती ती धुतली. दुसरं काय करावं ते सुचत नव्हतं.

संध्याकाळी, कुस्त्यांचा सराव संपायच्या वेळेला, ते दारात आले. घरात न येता म्हणाले, "मशीन घे आन चल."

"कुठं?"

"तालमीत. पट्टा मला नीट लागत न्हाई."

"बायकांनी तालमीत..."

"आत ये कोण म्हणतंय? उंबऱ्यापतुर चल."

मी मशीन पिशवीत घालायला लागले तर त्यांनी ते माझ्या हातातून काढून घेतलं. एका काखेत मशीन, दुसऱ्या हातात मास्क, नळी लोंबतेय, अशा थाटात वस्ताद गल्लीतून निघाले. मागून मी. शिरपाआप्पा ओट्यावर बसले होते, त्यांनी विचारलं, काय ओ वस्ताद, कसलं यंत्र म्हणायचं? "माझ्या झोपंचं," वस्ताद म्हणाले आणि पुढे गेले. आदल्या रात्री हाच माणूस दिवा मालवून पांघरुणात तोंड लपवत होता.

तालमीत पोरं अंगाची माती झटकत बसली होती. मी उंबऱ्याबाहेर उभी राहिले. वस्तादांनी सगळ्यांना फोटोसमोर बसवलं. त्यांना भाषण करता येत नाही. मैदानात सत्कार झाला की ते माईक दुसऱ्याच्या हातात देतात. पण त्या दिवशी त्यांनी दुपारी मला सांगितलं ते जसंच्या तसं सांगितलं, काही न गाळता. आपण पहिल्यांदा उठलो हेही सांगितलं, तोंडावर बोट ठेवलं हेही, आणि दमलेल्यांना कोपर मारत होतो हेसुद्धा. शेवटी डॉक्टर काय म्हणाले ते सांगितलं.  रणजित खाली मान घालून मातीत बोट फिरवत होता.

मागच्या एकाने विचारलं, "मंग वस्ताद, फोटूखालचं काढायचं का?"

वस्तादांनी फोटोकडे पाहिलं. "फोटू हाय तसा ऱ्हाऊ दे. माणूस तेवढाच मोठा हुता. मरण सुखाचं हुतं एवढं मातूर म्हणायचं न्हाई. ती वळ पुसा."

रणजित उठला, स्टूल घेतलं आणि पंचाने ती अक्षरं पुसायला लागला. जुना रंग होता, लवकर निघेना. तो घासत राहिला, आणि तेवढ्यात वस्ताद उंबऱ्याशी आले. माझ्याकडे तोंड करून उंबऱ्यावर आतल्या बाजूला बसले, आणि सगळ्या पठ्ठ्यांच्या देखत माझ्यासमोर मान खाली घातली.

ती मान मैदानात मी कधी वाकलेली बघितली नव्हती. भल्याभल्यांनी तिच्यावर हात टाकले होते. मी बाहेरूनच वाकले, नाकावर मास्क ठेवला, कानांच्या वरून पट्टा घेतला, डोक्यामागे बसवला. पट्टा फार आवळायचा नसतो, बोट आत जाईल इतका सैल ठेवायचा असतो. ते मी पोरांनाही दाखवलं, म्हणजे रोज मला यायला नको. मागे कोणीतरी खुसखुसलं.

वस्तादांनी मास्क वर सरकवला. "हसा. आज हसून घ्या, उद्यापास्नं न्हाई." मग म्हणाले, "आता नीट ऐका. हितनं म्होरं माझं घोरणं ऐकू येणार न्हाई. उठायचं गजरावर. रणजित, तुझ्या मोबाइलवर लाव. आन जो पयला उठंल त्यानं लंगोटाला हात लावायचा न्हाई. आदी माझ्यापाशी यायचं आन मला हालवायचं."

"वस्ताद, तुमास्नी हालवायचं?" रणजित स्टुलावरून म्हणाला. "आन तुमी चिडला तर?"

"चिडणारच. झोपंतनं उठिवल्यावर माणूस काय आरती म्हणतंय? शिवी घालीन. शिवी आली की समजायचं वस्ताद हाय, मंग बैठका. आन शिवी न्हाई आली तर बैठका ऱ्हाऊ द्यायच्या. डॉक्टर आणायचा. कळलं का?"

"कळलं," सगळ्यांनी एकदम म्हटलं.

मी घरी निघाले. वाटेत शिरपाआप्पा अजून ओट्यावर होते, त्यांनी काहीतरी विचारलं, मला ते ऐकूही आलं नाही.  इतकी वर्षं मी मैदानं जिंकणाऱ्या माणसाची बायको म्हणून मिरवत होते. त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा वाटलं की या माणसाने खरं मैदान आता मारलं, आणि तेही मी उंबऱ्याबाहेर उभी राहून बघितलं.

या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली. रणजितची स्वतःची तालीम आहे, वस्तादांच्या मिशा पांढऱ्या झाल्यात, मशीन मधे एकदा बदललं. पण मला आठवते ती त्या संध्याकाळनंतरची पहाट. झोप लागलीच नव्हती. ते शेजारी नाहीत आणि भिंतीपलीकडून आवाजही नाही, अशी रात्र किती मोठी असते ते तेव्हा कळलं. भिंतीपलीकडे बारीकसा गजर वाजला, कोणीतरी तो बंद केला. मग काहीच नाही. मी अंथरुणात उठून बसले. रणजित आता दाराकडे चालत गेला असेल, वाकला असेल, खांद्याला हात लावला असेल, असं एकेक मनात येत होतं. तरी काहीच नाही. मी पदर तोंडात धरला.

आणि मग आली. अशी काही शिवी आली की रणजितचा बाप, आजा आणि आणखी वरचा कोणी असेल तोही त्यात सापडला. पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांच्या तोंडून मी इतकी घाण शिवी ऐकली नव्हती. लगेच पाठोपाठ बैठका सुरू झाल्या. जमीन हलत होती.

मी दार उघडून अंगणात आले. शेजारच्या हौसाअक्का पण दचकून बाहेर आल्या होत्या, केस मोकळे, हातात मिणमिणती चिमणी.

"शालन, काय गं झालं? एवढ्या पहाटं वस्ताद कुणावर खवळलं?"

"कुणावर न्हाई, अक्का," मी मान ताठ करून म्हणाले. "आमचे वस्ताद उठलेत."